न हलवलेले दगड

अलिबागच्या उत्तरेला, किहीम आणि थळ यांच्या मधल्या नवगावात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर काळ्या दगडांचे ढीग आहेत. हाताला लागले तसे वेचून रचलेले हे दगड. बहुतेकांना छिन्नी लागलेली नाही, त्यांच्यावर नाव नाही, साल नाही. भाद्रपद सरत येतो तेव्हा गवत इतकं चढलेलं असतं की ढीग डोळ्यांच्या आधी पायांना कळतात. अशा जागी पाऊल आपोआप हळू पडतं. आपण कुणाच्या उशाशी उभे आहोत की पायथ्याशी, हे कळायला काही मार्ग नसतो. मग सगळीकडे सारख्याच अदबीनं वावरावं लागतं.

ही बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची दफनभूमी. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कहाणी अशी: सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दूर पश्चिमेकडून निघालेलं एक गलबत चौलच्या बंदराकडे येत होतं. ते या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढी जिवंत काठाला लागली. बाकीच्यांना लाटांनी मागाहून आणून वाळूवर ठेवलं. त्यांना इथंच माती दिली गेली, पुरुषांना एका उंचवट्याखाली आणि स्त्रियांना दुसऱ्या. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवमध्ये. त्यात या उंचवट्यांची नोंद आहे. किहीमकर हे आडनावच पाहा. शेजारचं गाव सरळ माणसाच्या नावात येऊन बसलं. नवगावकर, थळकर, झिराडकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर: आठवणीत दूरची एक भूमी जपणाऱ्या या माणसांनी नावं मात्र पायाखालच्या मातीची घेतली.

इतिहासकार गलबताच्या काळाविषयी वाद घालतात, आणि ते त्यांचं काम आहे. मला त्या वाळूवर थांबावंसं वाटतं. ओहोटीला आधी किनाऱ्यावर जावं आणि मग दफनभूमीत यावं. पाणी मागं सरतं तशा खडकांच्या काळ्या पाठी वर येतात, त्यांना चिकटलेली कालवं दिसू लागतात. समोर खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग उभे असतात. वाळू जिथं कोरडी होऊ लागते तिथून मर्यादवेल सुरू होते. तिची पानं जाड, मधोमध दुभंगलेली, आपट्याची आठवण करून देणारी. जांभळट फुलं सकाळी उघडतात आणि ऊन तापलं की मिटतात. तिच्या मागं केवड्याचं काटेरी रान, आणि त्यामागं उंडीची झाडं. उंडीचं पान हातात घेऊन उजेडात धरावं. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत इतक्या बारीक, इतक्या समांतर रेषा निघालेल्या असतात की कुणी फणी फिरवली असावी.

मर्यादवेलीचं बी पाण्यावर तरंगतं. उंडीचं फळ तरंगतं, नारळ तरंगतो, केवड्याच्या कणसाचे सुटे तुकडेही तरंगतात. खाऱ्या पाण्यात कितीक दिवस काढून ही बियाणी कुठल्या तरी अनोळखी काठाला लागतात, पहिल्या पावसात गोडं पाणी पितात आणि उभी राहतात. म्हणजे या किनाऱ्याची हिरवी कड ही स्वतःच लाटांनी आणून सोडलेल्यांची वस्ती आहे. ती चौदा माणसं धापा टाकत वाळूवर आली असतील तेव्हा त्यांच्या हाताला पहिल्यांदा जी वेल लागली असेल, तीही कधीतरी तशीच आली होती. आलेल्याला मूळ धरू द्यायचं, हा या काठाचा फार जुना स्वभाव असावा.

माणसांनी मूळ धरलं ते तेलाच्या घाण्यावर. कोकणातल्या गावागावांत ते तेली झाले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. शंकराच्या वारी, सोमवारी, घाणा थांबवणारे ते सोमवार तेली. त्यांची हिब्रू भाषा विसरली गेली, ग्रंथ हरवले होते. उरलं ते थोडकं: एकच देव असल्याची ग्वाही देणारी प्रार्थना, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि हा सातवा दिवस. ज्यूंच्या धर्माज्ञेत विसाव्याचा हा दिवस माणसापुरता नाही, गुराढोरांनाही त्या दिवशी कामाला जुंपायचं नाही. शनिवारच्या सकाळी जू उतरलेल्या बैलाच्या खांद्यावरचं ते घासून गुळगुळीत झालेलं कातडं मी मनात आणतो. गोल फिरणं थांबलेलं, पुढ्यात वैरण, शेपटीनं माश्या वारणं चाललेलं. हरवलेल्या ग्रंथाचं एक पान त्या गोठ्यात शाबूत होतं.

निर्बंधांतला आणखी एक समुद्राशी बांधलेला आहे. ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच खायचा. म्हणजे पापलेट चालेल. कोळंबी, खेकडे, कालवं, तिसऱ्या नाही. अष्टागराच्या या काठावर, जिथं ओहोटीला घरोघरच्या बायका कालवं फोडायला खडकांवर उतरतात, तिथं एका समाजानं शतकानुशतकं हे व्रत सांभाळलं. संध्याकाळ झाली की वाळूतले फिकट खेकडे बिळांतून बाहेर येतात आणि डोळे उभारून तिरके धावतात. या किनाऱ्यावर त्यांना न मारणारी एक तरी माणूसजात इतकी वर्षं शेजारी राहिली, याचं मला उगाच बरं वाटतं.

आता एका दगडापाशी बसू या. गुडघे टेकून बसलं तरच तो दिसतो.

दगड बेसाल्टचा, सह्याद्रीचा, एकेकाळच्या लाव्ह्याचा. त्याच्या वरच्या अंगावर दगडफुलांचे ठिपके आहेत. काही राखाडी, काही फिकट पोपटी, एखादा हळदीसारखा पिवळा. कडेला नागमोडी, मधे खरबरीत. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो ते याच गणगोतातलं. दगडफूल हा एक जीव नसून दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. तिच्या आत राहणारं शैवाल उन्हापासून अन्न करतं आणि दोघं वाटून खातात. एकटी बुरशी या उघड्या दगडावर उपाशी मेली असती, एकटं शैवाल करपलं असतं. दोघांनी मिळून तो दगड घर केला आहे, आणि त्यांच्या अंगचं मंद आम्ल कणाकणानं त्याची माती करतं आहे. वर्षाकाठी मिलिमीटर, दोन मिलिमीटर अशी त्यांची वाढ. रुपयाएवढा ठिपका दिसला तर तिथं कुणाचं तरी बालपण, तारुण्य होऊन गेलं असं समजावं.

दगडाच्या सावलीच्या बाजूला शेवाळाची मखमल आहे. बोट टेकवलं की थंड दगडओल बोटात चढते. अशा शेवाळात डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे जीव राहतात. पाऊस सरला, शेवाळ सुकलं की ते आकसतात, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी सोडून निपचित होतात, आणि पुन्हा थेंब पडला की उठून चालू लागतात. दोन दगडांच्या फटीतून एक सापसुरळी डोकं बाहेर काढते. तांबूस तपकिरी अंग, पाठीवर तुकतुकीत ऊन. ती माझ्याकडे पाहते आणि जागची हलत नाही. खालून काळ्या मुंग्यांची रांग निघाली आहे, प्रत्येकीच्या तोंडात गवताचं एकेक बी. त्यातली काही बियाणी वाटेत सांडतील, फटीत अडकतील आणि पुढल्या मृगात तिथूनच उगवतील. दगडांवर गवत येतं ते असं, मुंगीच्या सांडलवंडीतून. मग गवताच्या मुळांनी फट रुंदावते, सापसुरळीला आत आणखी जागा होते, ती किड्यामुंग्यांवर जगते. कुणाच्या आधारानं कोण आहे, हा धागा सोडवायला बसलं की दिवस मावळतो.

जगात काही अभ्यासक दगडफुलांवरून दगडाचं वय काढतात. त्यासाठी त्यांना हवी असते तारीख कोरलेली जुनी कबर. अमुक सालच्या दगडावर ठिपका एवढा वाढला, तर त्याच मुलखातल्या त्या दुसऱ्या, साल नसलेल्या दगडावर एवढा वाढायला किती वर्षं लागली असतील, असा तो हिशेब. मेलेल्याचं साल जिवंताच्या वाढीचं माप होतं. नवगावच्या या ढिगांना मात्र मुळात सालच नाही. इथली दगडफुलं कुणाला काही सांगायला बांधलेली नाहीत. ती नुसती वाढतात.

ज्यूंच्या परंपरेत कबर हलवत नाहीत. पुरलेल्याला पुरलेल्या जागी राहू द्यायचं, ती जमीन पुन्हा दुसऱ्या कामाला घ्यायची नाही. या एका नियमानं जगभर विलक्षण जागा घडवल्या आहेत. प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीत सगळ्यांत जुना दगड 1439 सालचा आहे. वस्ती वाढत गेली, जागा वाढली नाही, जुनी कबर उकरायची नाही. म्हणून त्यांनी वर माती घातली आणि त्या मातीत पुढची पिढी निजवली. असे थरावर थर चढले. 1787 सालापर्यंत तिथं पुरत होते. आज सुमारे 12,000 दगड एकमेकांवर रेलून दाटीनं उभे आहेत, वर झाडांची पानसावली. बर्लिनच्या वाइसेनझे भागातली दफनभूमी 1880 सालची, लाखाहून अधिक कबरींची. नाझींच्या काळात त्या शहराचे ज्यू देशोधडीला लागले, मारले गेले. कबरींवर यायला कुटुंबंच उरली नाहीत. त्या ओसाडीत रान वाढलं. पुढे जीवशास्त्रज्ञांनी तिथली सजीवसृष्टी मोजली तेव्हा 600हून अधिक जाती निघाल्या, त्यांत दगडफुलांच्याच सत्तरच्या वर. इतकं दुःख आणि इतकी हिरवाई एका कुंपणात. ते वाचताना मला आनंद करावा की नाही हे कळेना, आणि अजूनही कळत नाही.

कोकणातली गोष्ट त्या दुःखाची नाही. इथं त्यांना कुणी हाकललं नाही. 1948 साली इस्रायल झालं आणि पुढच्या काही दशकांत हजारो बेने इस्रायल आपणहून तिकडं गेले. जाताना मराठी घेऊन गेले. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. अलिबागेत इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. ठाण्यात 1879 सालचं सिनेगॉग आजही नांदतं आहे. पण खेड्यापाड्यांतली घरं बहुतेक रिकामी झाली, घाणे केव्हाच थांबले. नवगावच्या ढिगांपाशी रोज येणारं माणूस उरलं नाही. त्यांच्याकडं पाहणारं जे उरलं ते गवत, मुंग्या, सापसुरळ्या आणि पाऊस.

मी सापगावचा. आमच्याकडं भातसेच्या काठी चिता रचतात. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडल्या, राख पाण्यात सोडली की ती जागा पुन्हा नदीची होते. कोण कुठं जळलं याची खूण उरत नाही, उरावी अशी इच्छाही नसते. भातसा ते सगळं पोटात घेऊन काळू-उल्हासच्या पाण्याला मिळते आणि शेवटी याच समुद्रात येते. त्यामुळं आपलं माणूस वाहून गेलं तो समुद्र आणि यांचं माणूस ज्यानं आणून दिलं तो समुद्र एकच, हे नवगावच्या वाळूवर उभं राहिल्यावर प्रथम नीट उमगलं. पण या दगडांमधे बसलं की मला नदीकाठाहून जास्त आठवतात त्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातल्या देवराया. तिथली फांदी तोडायची नाही, पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, असा धाक असे. त्या धाकानं कितीतरी वेली, अळंबी, घुबडं, उदमांजरं वाचवली. इथं देव नाही, मूर्ती नाही, मोठी झाडंही मोजकीच. तरी ही एक राईच आहे, दगडांची. विसाव्याची राई म्हणावी, विसावराई.

जमिनीला विसावा मिळाला की काय होतं ते वरून दिसत नाही. नांगरलेल्या मातीत बुरशीचे धागे दरवर्षी तुटतात, गांडुळांची बिळं मोडतात, मुंग्यांची वारुळातली दालनं उलथतात. न नांगरलेल्या मातीत ते सगळं वर्षानुवर्षं अखंड पसरत जातं. मुळांना मुळं, मुळांना बुरशी, बुरशीला पानगळ. नवगावचे हे ढीग ज्यांच्यावर रचले त्यांची हाडं आता वेगळी ओळखता येणार नाहीत. तीही त्या विणीत गेली. त्यांचा चुना कुठल्या उंडीच्या खोडात चढला, कुठल्या गोगलगाईच्या शंखात उतरला, कोण सांगणार? आणि त्या गोगलगाईवर कुठला भारद्वाज पोसला?

किहीम इथून जवळच. 1930 साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली तिथं राहत होते आणि त्या पावसाळ्यात त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. तासन्‌तास बसून त्यांनी पाहिलं की नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर त्यात राहते आणि मग नर ते पुरं करतो. पुरं झालं की तो दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. तोवर हे असं कुणी नीट पाहिलंच नव्हतं. एका जागी न हलता बसल्याशिवाय ते दिसणारं नव्हतं. या किनारपट्टीवर पावसाळ्यात आजही शिंदीच्या झाडांवर सुगरणींची घरटी लोंबतात. ती विणायला लागणारे हिरवे लांब धागे पक्षी उंच वाढलेल्या गवताच्या पात्यांतून चोचीनं फाडून नेतात. गवत उंच वाढायला ते कुणी न कापलेलं असावं लागतं, आणि ते तसं राहायला एखादी जमीन कुणाच्या तरी आठवणीसाठी सोडून दिलेली असावी लागते. किनाऱ्यावर भटकताना वाटेत एक म्हातारी विळा घेऊन गवत कापताना भेटली. विचारलं, “आजी, त्या दगडांतलं नाही कापत?”

“तिथलं नाय कापत, भाऊ. माणसं निजलीत ना.”

“ओळखीची होती?”

“ओळखीची कुठली. आमच्या सासूच्या वेळेलाही निजलेलीच होती.” आणि तिनं पुढची पेंढी आवळली.

इस्रायलहून नातवंडं, पतवंडं कधीमधी येतात. ज्यूंच्या रीतीनं कबरीवर फुलाऐवजी खडा ठेवतात. समाजानं इथं उभारलेल्या स्मारकस्तंभापाशी ती थांबतात, मग ढिगांकडं वळतात, आणि आपलं कोण कुठल्या ढिगाखाली हे माहीत नसल्यानं कुठल्याही एकावर खडा ठेवतात. भातसेच्या पात्रातला एक गोटा मी खिशातून नेला होता, तोही तिथं ठेवला. नदीनं वाटोळा केलेला तो गोटा त्या धारदार दगडांत वेगळा दिसत होता. एका पावसात शेवाळ त्याला धरील.

अलिबाग तालुक्यात आता जमिनीला सोन्याचं मोल आलं आहे. मांडव्याला बोटीनं उतरून तासाभरात मुंबईकर इथं पोचतो, आणि किनाऱ्यालगत बंगल्यांमागं बंगले, भिंतींमागं भिंती उठतात. भिंतीच्या आत परदेशी गवताचा गालिचा, दर आठवड्याला कापलेला, ज्यात मुंगीला बी मिळत नाही आणि सुगरणीला धागा मिळत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानं या पट्ट्यातली सुरूची आणि नारळाची झाडं आडवी केली. ती परत लावता येतात, लावलीही जात आहेत. ज्या मातीला शेकडो वर्षं कुदळ लागली नाही, ती एकदा उकरली की पुन्हा तशी करता येत नाही. म्हणून जी माणसं या जागेची काळजी वाहतात, तिथं स्वच्छता करतात, ती दगडांवर तारेचा ब्रश न फिरवोत असं मला मनापासून वाटतं. त्यांना रंग लावू नये, ढीग सिमेंटनं सांधू नयेत. फटी राहू द्याव्यात, त्यांत राहणारं कुणीतरी असतं. गवत काढायचंच तर दिवाळीनंतर काढावं, बी पडून गेल्यावर, आणि कोयत्यानं, मुळांसकट उपटून नव्हे.

ज्यूंच्या पंचांगात शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला झाडांचं नवं वर्ष सुरू होतं. त्यांचे महिनेही चंद्राचे, त्यामुळं ही तिथी पौर्णिमेच्या आसपास येते, आपल्या पौष-माघात. त्या दिवशी बेने इस्रायल अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात. तिथल्या खडकावरच्या खुणा एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, रथाच्या आणि घोड्यांच्या आहेत, असं ते मानतात. तो तिथूनच आकाशात गेला. त्या जागी मलिदा करतात: भिजवलेले गोडे पोहे, गूळ, ओलं खोबरं, आणि वर फळं मांडतात. नवस बोलतात, फेडतात. मराठीत त्याला एलियाहू हनाबीचा उरूस म्हणतात. भात कोकणचं, नारळ कोकणचा, पंचांग जेरुसलेमचं आणि सोहळा झाडांचा. त्या सुमाराला नवगावात गवत वाळून बसलेलं असतं, दगड उघडे पडतात, आणि पावसात पोपटी दिसणारी दगडफुलं सुकून राखाडी होतात. ढिगांचे आकार तेव्हाच स्पष्ट कळतात. जायचं असेल तर एकदा भाद्रपदात जावं आणि एकदा तेव्हा.